सूर्याजवळ यान न्यायचं कसं: वेग, ढाल आणि सावलीचा हिशेब

सूर्याजवळ यान न्यायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वितळणारं धातूचं खोकं येतं. उष्णतेचा प्रश्न खराच आहे, पण क्रमानं तो दुसरा. पहिला प्रश्न तिथं पोचण्याचा. अशा यानाची शिफारस अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या समितीनं १९५८ मध्ये केली होती. प्रत्यक्ष यान निघालं १२ ऑगस्ट २०१८ रोजी. मधली साठ वर्षं मार्ग, साहित्य आणि वीज या तीन गोष्टींचं गणित जुळायला लागली.

ते यान म्हणजे पार्कर सोलर प्रोब. नासाची मोहीम, बांधणी मेरीलँडमधल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीची. सूर्याच्या इतक्या जवळ मानवनिर्मित दुसरी कुठलीही वस्तू गेलेली नाही, म्हणून खालची सगळी कृती याच यानाच्या आकड्यांवर बेतली आहे.

आधी किती जवळ जायचं ते ठरवा

‘जवळ’ हा शब्द फसवा आहे. आपलं आदित्य-एल१ सूर्याचा अभ्यास करतं आणि त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली. पण ते यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे सूर्याकडच्या वाटेचा जेमतेम एक टक्का त्यानं कापला आहे. सूर्यावर अखंड नजर ठेवायची असेल तर तीच जागा योग्य. युरोपचं सोलर ऑर्बिटर सूर्यापासून सुमारे ४ कोटी २० लाख किलोमीटरपर्यंत जातं. तिथून सूर्याकडे थेट कॅमेरा रोखता येतो, फक्त ढालीला झाकण असलेल्या खिडक्या ठेवाव्या लागतात.

पार्करचा प्रश्न वेगळा होता. सूर्याचा दृश्य पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, आणि त्याच्या वरचं प्रभामंडल दहा लाख अंशांच्या पुढे. विस्तवापासून लांब गेल्यावर जास्त तापावं, असं का? आणि त्याच प्रभामंडलातून निघणारा सौरवारा नेमका कुठं वेग घेतो? ही उत्तरं फोटोत सापडत नाहीत. तिथल्या कणांना आणि चुंबकीय क्षेत्राला हात लावावा लागतो.

हात लावायला किती आत जायचं, याची एक नैसर्गिक खूण आहे. सूर्याभोवती एक सीमा असते, तिला आल्फेन पृष्ठभाग म्हणतात. तिच्या आत सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राची पकड असते. तिच्या बाहेर वाऱ्याचा वेग इतका वाढलेला असतो की त्यातली चुंबकीय लाट उलट फिरून सूर्यापर्यंत पोचूच शकत नाही. ही सीमा गुळगुळीत गोल नाही, खडबडीत आहे. २८ एप्रिल २०२१ रोजी पार्करनं ती पहिल्यांदा ओलांडली, तेव्हा ते सूर्याच्या केंद्रापासून १८.८ सौरत्रिज्यांवर होतं. सौरत्रिज्या म्हणजे सुमारे ६ लाख ९६ हजार किलोमीटर. याचा अर्थ, सीमेच्या आत बराच वेळ काढायचा तर वीसपेक्षा बरंच खाली उतरलं पाहिजे. पार्करसाठी ठरलेलं अंतर होतं ९.८६ सौरत्रिज्या, म्हणजे पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटर.

वेग घालवायचा आहे, कमवायचा नाही

सूर्य आपल्याला ओढतोच आहे, मग यान नुसतं सोडलं की पडेल, असं वाटतं. पण पृथ्वीवरून निघालेलं यान पृथ्वीचाच आडवा वेग घेऊन निघतं, सेकंदाला सुमारे २९.८ किलोमीटर. याच वेगामुळे पृथ्वी सूर्यात पडत नाही आणि यानही पडणार नाही. आत उतरायचं तर हा वेग उलट दिशेला ढकलून कमी करावा लागतो.

किती कमी करायचा, ते कागदावर काढता येतं. लंबवर्तुळाचं एक टोक पृथ्वीच्या कक्षेवर आणि दुसरं ९.८६ सौरत्रिज्यांवर धरा. अशा कक्षेत लांबच्या टोकाला यानाचा वेग सेकंदाला फक्त ८.८ किलोमीटर असायला हवा. म्हणजे २१ किलोमीटरचा वेग घालवायचा. मंगळाला जायला पृथ्वीच्या वेगात साधारण ३ किलोमीटरची भर पुरते. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणून फरक सातपट न राहता पन्नासपटीच्या आसपास जातो. एवढं बळ एका दमात देणारा अग्निबाण अस्तित्वात नाही.

तेव्हाच्या सर्वांत दणकट अग्निबाणांपैकी एक घेतला गेला: डेल्टा-४ हेवी. पृथ्वीजवळच्या कक्षेत २८ टनांहून अधिक वजन नेणाऱ्या या अग्निबाणावर यान होतं अवघं ६८५ किलोचं, आणि तरीही वर स्टार-४८बीव्ही हा घन इंधनाचा तिसरा टप्पा जोडावा लागला. पृथ्वीची ओढ सोडल्यावर यानाकडे सेकंदाला सुमारे १२.४ किलोमीटरचा वेग उरला, तोही पृथ्वीच्या चालीच्या उलट दिशेनं. २९.८ मधून तो वजा केला की १७.४ उरतात. या वेगानं यान सुमारे ४४ सौरत्रिज्यांपर्यंतच उतरतं. ठरलेलं अंतर यापासून खूप आत आहे.

म्हणून यानाच्या वजनाबाबत निर्दय राहा. इथं वाढलेला प्रत्येक किलो सुटतानाचा वेग कमी करतो, आणि त्या वेगावर पुढच्या सगळ्या भेटींची वेळापत्रकं बसवलेली असतात. अंतिम तपासणीतही घाई नको. या यानाच्या वेळी अग्निबाणाच्या टोपणात फोमची एक छोटी पट्टी सापडली म्हणून उड्डाण पुढं गेलं. नंतर ११ ऑगस्टला मोजणी शेवटच्या मिनिटांत आलेली असताना हेलियमच्या दाबाचा इशारा वाजला म्हणून ती थांबली आणि यान दुसऱ्या दिवशी पहाटे निघालं. उड्डाणासाठी २३ ऑगस्टपर्यंतचे दिवस हातात होते. अशी सवड आधीच धरलेली असली तरच थांबायचा निर्णय ठामपणे घेता येतो.

उरलेला वेग शुक्राला द्या

पूर्वीचा आराखडा गुरूचा होता. गुरूजवळ जायचं, त्याच्या प्रचंड गुरुत्वाकर्षणानं आडवा वेग जवळजवळ पुसून टाकायचा आणि सरळ ४ सौरत्रिज्यांपर्यंत झेप घ्यायची. ऐकायला छान. पण गुरूपाशी सूर्यप्रकाश इतका क्षीण की अणुबॅटरी हवी. एकेका फेरीला काही वर्षं जाणार, त्यामुळे आयुष्यभरात सूर्याच्या भेटी दोनच. शिवाय ४ सौरत्रिज्यांवरचं ऊन ९.८६ वरच्या उन्हाच्या सहापट.

अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीतल्या यानपिंग गुओ यांनी त्याऐवजी शुक्राच्या सात भेटींचा मार्ग काढला. थोडं कमी आत जायचं, पण पुन्हा पुन्हा जायचं. सात वर्षांत सूर्याला २४ फेऱ्या, आणि वीज साध्या सौरपंखांवर. माझ्या मते संपूर्ण मोहिमेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. एका भेटीत सूर्य शांत असेल की खवळलेला, हे कुणाच्या हातात नसतं. चोवीस भेटींत दोन्ही पाहायला मिळतात.

कृती अशी. यान शुक्राच्या पुढच्या बाजूनं, म्हणजे शुक्र ज्या दिशेला चाललाय त्या बाजूनं काढायचं. शुक्र त्याला मागं ओढतो, यानाचा सूर्याभोवतीचा वेग घटतो, कक्षेचं आतलं टोक सूर्याकडे सरकतं. हरवलेला वेग शुक्राला मिळतो, अर्थात त्याच्या वजनापुढं तो जाणवतही नाही. मग पुढची भेट जुळवायची. शुक्राचं वर्ष २२५ दिवसांचं. यानाची पहिली फेरी १५० दिवसांची, म्हणजे यानाच्या तीन फेऱ्या आणि शुक्राच्या दोन एकाच वेळी पूर्ण होतात आणि दोघं त्याच जागी पुन्हा भेटतात. पहिली भेट ३ ऑक्टोबर २०१८, दुसरी २६ डिसेंबर २०१९: मधले दिवस मोजा, ४४९ भरतात.

प्रत्येक भेटीनंतर सूर्यापासूनचं किमान अंतर असं उतरत गेलं: ३५.७ सौरत्रिज्या, मग २७.८, २०.३, १६, १३.३, ११.४ आणि ६ नोव्हेंबर २०२४ च्या सातव्या भेटीनंतर ९.८६. त्या शेवटच्या भेटीत यान शुक्राच्या पृष्ठभागापासून ३७६ किलोमीटरवरून गेलं. मुक्काम असा पायरीपायरीनं गाठण्याचा मोठा फायदा म्हणजे ढाल, पंप, संगणक हे सगळं आधी सौम्य उन्हात पारखून घेता येतं.

इथं चुकतं ते नेम धरण्यात. शुक्रापासूनचं अंतर थोडंही हुकलं तर वळण्याचा कोन बदलतो आणि ती चूक पुढच्या महिन्यांत लाखो किलोमीटरची होते. म्हणून भेटीच्या काही आठवडे आधी रेडिओ मापनानं जागा पक्की करून थ्रस्टरनी, म्हणजे यानावरच्या छोट्या इंजिनांनी, मार्ग सुधारायचा. लवकर केलेली सुधारणा चिमूटभर इंधनात होते, उशिरा केलेली ओंजळभर मागते. दुसरी गोष्ट ध्यानात ठेवायची: काही भेटींत यान शुक्राच्या सावलीतून जातं, तेव्हा सौरपंख आंधळे असतात. तेवढा वेळ बॅटरीवर निभलं पाहिजे.

ढाल

आता उष्णता. आधी एक गैरसमज दूर करू. प्रभामंडल दहा लाख अंशांचं आहे, पण यान दहा लाख अंशांना तापत नाही. दिवाळीत फुलबाजीच्या ठिणग्या हातावर पडतात तेव्हा त्या शेकडो अंश तापलेल्या असतात, तरी हात भाजत नाही. तीच विझलेली पण तापलेली तार पायाखाली आली की फोड येतो. ठिणगीत तापमान आहे, पण वस्तुमान नाही. प्रभामंडल असंच कमालीचं विरळ आहे. यानाला खरं भाजतं ते सूर्याचं ऊन.

ते किती, तेही काढता येतं. पृथ्वी २१५ सौरत्रिज्यांवर. २१५ भागिले ९.८६ म्हणजे २१.८, त्याचा वर्ग ४७५. पृथ्वीपाशी चौरस मीटरला १.३६ किलोवॅट ऊन पडतं, तिथं सुमारे ६५० किलोवॅट. अशा उन्हात फक्त समोरूनच उष्णता बाहेर टाकणारा काळा पत्रा १,५७० अंशांच्या आसपास तापतो. पोलाद त्याच्या आधीच वितळतं.

पार्करच्या ढालीचा व्यास २.३ मीटर, जाडी ११.४ सेंटिमीटर, वजन फक्त ७३ किलो. पुढं-मागं कार्बन-कार्बनचे, म्हणजे कार्बनच्या धाग्यांनी बळकट केलेल्या कार्बनचे, पातळ पत्रे, मध्ये कार्बनचा फेस. या फेसात ९७ टक्के पोकळीच असते, म्हणून तो हलकाही आहे आणि उष्णता पुढून मागं जाऊ देत नाही. कार्बन निवडायचं कारण साधं: धातू मऊ पडतात त्या तापमानाला तो आपली ताकद धरून राहतो.

पण कार्बन काळा. म्हणून समोरच्या बाजूवर अ‍ॅल्युमिनाचा पांढरा सिरॅमिक लेप फवारतात. हा लेप सोपा नाही. तापल्यावर अ‍ॅल्युमिना आणि कार्बन एकमेकांशी रासायनिक क्रिया करतात आणि लेप करडा पडतो. करडा पडला की जास्त ऊन शोषतो, जास्त तापतो, आणि आणखी करडा होतो. हे दुष्टचक्र तोडायला दोघांच्या मध्ये टंगस्टनचा केसाहून पातळ थर घालतात. शिवाय सिरॅमिक आणि कार्बन तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे लेप जाड केला तर तडकून सुटण्याची भीती. पातळ राहिला तर खालचं काळं दिसू लागतं. बांधणीच्या काळात ढालीला बोटं, धूळ, तेल काहीही लागू द्यायचं नाही. डाग म्हणजे उद्याचा तापलेला ठिपका.

ढालीची आखणी १,३७० अंश आणि त्याहून थोड्या वरच्या तापमानासाठी केली. मागं काही फुटांवर उपकरणं सुमारे ३० अंशांत, म्हणजे आपल्या घरातल्या तापमानात काम करतात. ढाल यानाला सरळ टेकवलेली नसते. टायटॅनियमच्या सांगाड्यावर ती सहाच ठिकाणी जोडलेली आहे, कारण प्रत्येक जोड म्हणजे उष्णतेला आत यायला एक पूल.

सावली लहान होते

नवख्या माणसाचा हिशेब इथं हुकतो. आपण समजतो, २.३ मीटरच्या ढालीमागं २.३ मीटरची सावली. पृथ्वीवर हे चालतं, कारण आकाशात सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाचा. ९.८६ सौरत्रिज्यांवर तो जवळजवळ १२ अंशांचा दिसतो, इथल्यापेक्षा २२ पट रुंद. इतक्या मोठ्या दिव्यासमोर वस्तूची गडद सावली मागं मागं निमुळती होत जाते. ग्रहणाच्या भाषेत प्रच्छाया आकसते आणि तिच्याभोवती उपच्छाया पसरते.

किती आकसते? सूर्याची अर्धी रुंदी ५.८ अंश. म्हणजे ढालीमागं दर मीटरला प्रत्येक बाजूनं सुमारे १० सेंटिमीटर सावली जाते. यानाची उंची ३ मीटर, तेव्हा तळाशी दोन्ही बाजूंनी मिळून ६० सेंटिमीटर गेले आणि १.७ मीटर उरले. यानाचं मुख्य अंग म्हणूनच सडपातळ, सुमारे १ मीटर रुंद. उरलेली कड हीच तुमची चूक करण्याची मुभा. यान थोडं कललं की सगळ्यात आधी तळाचा कोपरा उन्हात येतो.

याच निमुळत्या सावलीचा एक उपयोगही करून घेतला आहे. सौरपंख लांब असताना पूर्ण उघडतात, जवळ येताना मिटत मिटत ढालीमागं जातात. अगदी जवळ असताना फक्त टोकाचा वेगळ्या कोनात वळवलेला भाग उपच्छायेत राहतो. त्याला सूर्याची नुसती किनार दिसते, आणि तेवढ्यावर यान चालतं.

पंखांना पाणी

दोन्ही सौरपंखांचं क्षेत्रफळ मिळून १.५५ चौरस मीटर, वीज ३८८ वॅट. घरातल्या मिक्सरलाही याहून जास्त लागते. पण ही वीज मिळवताना पंखांवर पडणारी उष्णता काही हजार वॅट असते. ती काढली नाही तर सौरघट निकामी होतात.

यासाठी नेलेला द्रव म्हणजे सुमारे ३.७ लिटर क्षारमुक्त पाणी. पंखांच्या टायटॅनियमच्या पाठीत नळ्या आहेत, त्यातून पाणी फिरतं, उष्णता उचलतं आणि ढालीखालच्या चार रेडिएटरांत जाऊन ती काळ्या अवकाशात सोडतं. रेडिएटरांचं क्षेत्रफळ ४ चौरस मीटर, टायटॅनियमच्या नळ्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, आणि क्षमता ६,००० वॅट. पाणी १० ते १२५ अंशांच्या दरम्यान राहिलं पाहिजे. १२५ अंशांना ते उकळत नाही, कारण प्रणालीत दाब आहे, प्रेशर कुकरसारखाच. तेल किंवा ग्लायकॉल का नको? या तापमानाच्या पट्ट्यात पाण्याइतकी उष्णता तेवढ्याच वजनात उचलणारं दुसरं काही स्वस्तात हाती लागत नाही.

या प्रणालीचा सर्वांत नाजूक क्षण सूर्यापाशी नाही, उड्डाणानंतर लगेच येतो. थंड रेडिएटरमध्ये पाणी सोडलं तर ते गोठतं आणि नळी फुटते. म्हणून पाणी आधी टाकीत ऊबदार ठेवायचं, यान अग्निबाणापासून सुटून पंख सूर्याकडे वळले की दोनच रेडिएटरांत सोडायचं. उरलेले दोन रिकामेच ठेवायचे. सूर्य थोडा जवळ आला, नळ्या तापल्या, की काही आठवड्यांनी ते भरायचे. सूर्याकडे निघालेल्या यानाला सुरुवातीला थंडीपासून जपावं लागतं, हे आराखड्याच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

उन्हात उभं राहणारं सामान

सगळंच सावलीत ठेवता येत नाही. सौरवाऱ्याचे कण सूर्याकडून सरळ येतात; ते मोजायचे तर वाटी सूर्यासमोरच धरावी लागते. ही फॅरेडे कप नावाची वाटी ढालीच्या कडेबाहेर डोकावते. ती टायटॅनियम-झिर्कोनियम-मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूची आहे, वितळणबिंदू सुमारे २,३५० अंश. आतल्या जाळ्या टंगस्टनच्या, वितळणबिंदू ३,४२२ अंश. अशा जाळ्या नेहमी लेसरनं कापतात, पण टंगस्टनपुढं लेसरचा निभाव लागला नाही, म्हणून त्या आम्लानं कोरल्या. तारांचा प्रश्न वेगळाच: नेहमीचं प्लॅस्टिकचं आवरण तिथं वाफ होऊन जाईल. म्हणून तारा नायोबियमच्या आणि आवरण म्हणून नीलमणी स्फटिकाच्या नळ्या.

विद्युत क्षेत्र मोजणाऱ्या पाच अँटेनांपैकी चार उन्हात असतात, त्याही नायोबियमच्या मिश्रधातूच्या. चुंबकमापक मात्र मागं शेपटीसारख्या दांडीवर, यानाच्या स्वतःच्या प्रवाहांपासून जमेल तितके दूर. सौरपंखांच्या तारा अशा फिरवायच्या की जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतील, नाहीतर सूर्याऐवजी स्वतःचीच वीज मोजली जाईल. कॅमेरा आहे, पण तो सूर्याकडे न पाहता बाजूला पाहतो आणि प्रभामंडलातून वाहणारे झोत टिपतो.

धुळीचा विचार हवाच. सेकंदाला १९० किलोमीटरच्या वेगात पिठाच्या कणाहून बारीक धूळ आदळली तरी त्या जागी आयनांचा छोटा ढग उडतो. अँटेनांवर त्याची विजेची उसळी नोंदली जाते आणि यानाच्या आवरणातून उडालेले कण कॅमेऱ्यात रेघांसारखे दिसतात. धूळ चुकवता येत नाही, ती गृहीत धरूनच आवरणं निवडायची.

पृथ्वीवर हे सगळं तपासायचं कुठं? फॅरेडे कपासाठी आयमॅक्स चित्रपटगृहांत वापरले जाणारे चार प्रोजेक्टर सुधारून त्यांचा प्रकाश निर्वात कक्षातल्या कपावर एकवटला. साहित्याचे नमुने फ्रान्समधल्या ओदेयोच्या सौरभट्टीत धरले, जिथं सुमारे १०,००० आरसे ऊन एका जागी आणतात. पूर्ण यान २०१८ च्या सुरुवातीला नासाच्या गोडार्ड केंद्राच्या निर्वात कक्षात गारठवून आणि तापवून पाहिलं. ढाल आणि यान एकत्र तपासायला सूर्याइतका मोठा, सूर्याइतका प्रखर दिवा जगात कुठल्याही कक्षात नाही. म्हणून सुट्या भागांच्या चाचण्या आणि गणिती प्रारूप एकमेकांशी जुळेपर्यंत काम थांबवायचं नाही.

निर्णय यानाचा

सूर्यापासून पृथ्वीपर्यंत रेडिओ संदेशाला ८ मिनिटांहून जास्त लागतात. ‘मी कललो’ असा निरोप येऊन ‘सरळ हो’ असं उत्तर पोचेपर्यंत सोळा मिनिटं. तोवर काही उरणार नाही. शिवाय जवळच्या काळात निरोप येतच नाही: मोठी अँटेना पृथ्वीकडे वळवायची तर ती सावलीबाहेर काढावी लागेल.

म्हणून सावलीच्या कडेला सात संवेदक बसवले आहेत. यान कललं की ऊन आधी त्यांच्यावर पडतं. कोणत्या संवेदकावर पडलं यावरून कुठल्या बाजूला वळायचं ते संगणक लगेच ठरवतो. संगणक तीन: एक कामावर, दुसरा त्याच्याबरोबरीनं जागा, तिसरा राखीव. किरणोत्सारानं पहिला अडखळला तर दुसरा तत्क्षणी सूत्रं घेतो. वळवण्याचं काम चार फिरत्या चाकांचं. प्रकाशाचा दाब यानावर सतत थोडा वाकडा पडतो, त्यामुळे चाकांचा वेग हळूहळू वाढत कमाल मर्यादेपर्यंत जातो. मग थ्रस्टर मारून तो उतरवावा लागतो. सूर्यभेटीच्या आधी चाकांचा वेग मुद्दाम कमी करून ठेवायचा म्हणजे ऐन वेळी मोकळीक राहते.

भेटीचा क्रम असा ठेवा. काही दिवस आधी आज्ञांची पूर्ण यादी चढवा. सौरपंख, साठवणूक, चाकं तपासा. मग गप्प राहा. भेटीत मोजलेलं सगळं यानाच्या स्मृतीत साठतं आणि दूर गेल्यावर मोठ्या अँटेनानं खाली येतं. २४ डिसेंबर २०२४ रोजी, भारतीय वेळेनुसार सायंकाळी ५ वाजून २३ मिनिटांनी, पार्कर ६१ लाख किलोमीटरवरून ताशी सुमारे ६ लाख ९२ हजार किलोमीटर वेगानं गेलं. तेव्हा नियंत्रण कक्षात कुणालाही काही दिसत नव्हतं. ‘ठीक आहे’ एवढाच साधा संकेत २६ तारखेला अमेरिकेत मध्यरात्रीच्या जरा आधी आला. भारतात २७ ची सकाळ झाली होती. यानाच्या तब्येतीची सविस्तर माहिती मिळाली १ जानेवारीला.

सातव्या शुक्रभेटीनंतर कक्षा ८८ दिवसांची झाली आणि तीच राहिली. आता मार्ग बदलायला फारसं इंधन लागत नाही, पण चाकांचा वेग उतरवायला प्रत्येक फेरीत थोडं हायड्राझिन हे इंधन जातं. टाकीत ते जितकं, तितकं यानाचं आयुष्य. म्हणून प्रत्येक फेरीनंतर पहिला तपासायचा आकडा तापमानाचा नाही, टाकीतल्या दाबाचा. इंधन संपलं की यान हळूहळू कलेल, सावली सुटेल, तारा आणि नळ्या जातील. त्यानंतरही कार्बनची ती ढाल वितळणार नाही. ती त्याच कक्षेत सूर्याभोवती फिरत राहील.